पाचव्या मजल्यावरचं गाऱ्हाणं

मी लिफ्टच्या कंपनीत काम करते असं सांगितलं की लोक मला त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टची तक्रार सांगायला लागतात. मी ऐकून घेते. मग सांगते की आमची कंपनी परदेशी आहे, तिच्या लिफ्टा तिकडच्या थंड देशांतल्या इमारतींत चालतात, आणि आम्ही लोअर परळला बसून फक्त त्या लिफ्टांचं डोकं लिहितो. कुठल्या मजल्यावर आधी जायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, वजन जास्त झालं की कसं ओरडायचं, हे सगळं आम्ही ठरवतो. एवढं ऐकल्यावर लोकांचा माझ्यातला रस संपतो.

ऑफिस जुन्या गिरणीच्या आवारात आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. वडील याच गिरणीत होते का? विचारणाऱ्याचे डोळे पाणावायच्या तयारीत असतात, त्यामुळे नाही म्हणताना मला अपराधी वाटतं. बाबा साच्यावर, म्हणजे मागावर होते, पण दुसऱ्या गिरणीत. तिथे आता पार्किंग आहे. माझं ऑफिस त्यांनी एकदाच, तेही बाहेरून पाहिलं, आणि एवढ्या काचा पुसतं कोण, इतकंच विचारलं.

मी लागले तेव्हा आमच्या ऑफिसला बॅक ऑफिस म्हणायचे. मग ते सपोर्ट सेंटर झालं आणि आता केपेबिलिटी सेंटर आहे. खुर्च्या त्याच आहेत. दर नावाबरोबर आम्हाला कॉफीचा एक मग मिळाला, आणि घरी आता पाहुण्यांना चहा द्यायला कप कमी पडत नाहीत. शेवटच्या नावाबरोबर मात्र मगासोबत इनोव्हेशनही आलं. तोवर विचार हेड ऑफिसने करायचा आणि काम आम्ही, अशी सरळ वाटणी होती. आता विचारही आम्हीच करायचा, आणि काम कमी होणार नव्हतं.

त्यासाठी पाचव्या मजल्यावर एक अख्खी भिंत रिकामी केली आणि तिच्यावर आयडिया चिकटवायला पिवळ्या चिठ्ठ्या आणून ठेवल्या. पहिल्या आठवड्यात कोणीतरी लिहिलं की कॅन्टीनच्या डाळीत मीठ कमी असतं. दुसऱ्याने लिहिलं, जास्त असतं. हेड ऑफिसला गेलेल्या रिपोर्टात त्या दोन आयडिया म्हणून मोजल्या गेल्या.

आमचे साहेब दादरचे. वडील बँकेत, आजोबाही बँकेत, आणि हे कॉम्प्युटरकडे वळले तेव्हा घरात काही दिवस अबोला होता म्हणे. बोलणं शुद्ध आणि सावकाश, कपडे इस्त्रीचे. रागावले की अधिकच शुद्ध बोलतात. त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं एकच गोष्ट होती. आमच्याकडे काम तुकड्यातुकड्यांनी यायचं. तिकडचा कोणीतरी ते तुकडे जोडायचा आणि वस्तू त्याच्या नावावर जायची. एक वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत परळची असावी, असं साहेबांना वाटे. याला ऑफिसात ओनरशिप म्हणतात. साहेब तो शब्द अशा आवाजात उच्चारायचे की जणू भाड्याची खोली नावावर होतेय.

मलाही ती हवी होती. माझ्या कामात तिकडचा एक तरुण कित्येक वर्षं चुका काढत होता. तो माझं इंग्रजी सुधारायचा आणि खरी चूक तशीच सोडायचा. मला याचा कंटाळा आला होता आणि थोडा रागही.

अखेर हेड ऑफिसने कबूल केलं. इमारतींमधल्या जुन्या लिफ्टांसाठी नवं डोकं निघणार होतं. ते वेळेवर आणि धडपणे निघालं, तर त्यापुढचं सगळं काम पूर्णपणे परळचं. साहेबांनी तारीख दिली, आणि ती पाळली जाते का ते बघायला हेड ऑफिसची एक मोठी इंजिनिअर जातीने येणार असं ठरलं. तिला आम्ही आपसात पाहुणी म्हणायला लागलो.

आमच्याकडे प्रत्येक रिलीजआधी, म्हणजे नवं डोकं बाहेर पाठवायच्या आधी, नारळ फोडतात. पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हच्या बाजूला छोटा गणपती आहे. पूर्वी उदबत्ती लावायचे, पण एकदा धुरामुळे फायर अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग गेटबाहेर उभी राहिली. तेव्हापासून नुसता नारळ. तोही आत फोडायचा नाही, कारण खाली गालिचा आहे. साहेब तो गणपतीपुढे ठेवतात, सगळे हात जोडतात, आणि मग खाली पार्किंगमध्ये नेऊन फोडतात. तिथल्या वॉचमनला खोबरं आवडत नाही, पण तो घेतो.

लफडं सापडलं ते आमच्या टेस्टरला. हा घोडपदेवचा, दोन पोरींचा बाप, आणि जन्मजात संशयी. आमच्या लॅबमध्ये कपाटाएवढी एक लिफ्ट आहे, माणूस मावत नाही पण बाकी सगळं खऱ्यासारखं चालतं. नवं डोकं घातल्यावर हेड ऑफिसने पाठवलेल्या सगळ्या टेस्ट तिने पास केल्या. मग याने आपल्या मनाने मेन स्विच बंद केला आणि लगेच चालू केला. तिकडे असं कोणी करत नाही, कारण तिकडे लाइट जात नाही. घोडपदेवला याच्या बिल्डिंगमध्ये लाइट जाते आणि जनरेटर मध्येच खोकून सुरू होतो, त्यामुळे याला ती सवय. लाइट पटकन जाऊन पटकन आली की लिफ्टला आपण कुठल्या मजल्यावर आहोत याचा विसर पडायचा. ती दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहायची, दार उघडायची नाही, आणि आतलं बटण दाबलं तरी ढिम्म. बाहेरून कोणीतरी येऊन ती पुन्हा चालू करेपर्यंत आतला माणूस आतच.

"मॅडम, दरवेळी नाय होत," तो म्हणाला. "पण होतंय."

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, दरवेळी होतं का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग हे पुढच्या रिलीजमध्ये घेऊ. तिकडे वीज जात नाही, उगाच आत्ता काहूर नको. मी म्हटलं, कधीतरी जातच असेल की सर. त्यावर ते अतिशय शुद्ध मराठीत म्हणाले की आपण या टप्प्यावर सकारात्मक राहणं आवश्यक आहे. मी उठले.

पाहुणी आली. उंच, साध्या कपड्यांतली, हातात स्वतःची पाण्याची बाटली. वडापाव तिने काट्याचमच्याने खाल्ला आणि तिखट लागलं तरी संपवला. दुपारी शेवटची मीटिंग झाली. तिने एकेकाकडे बघून विचारलं, काही शंका, काही धोका, काहीही? टेस्टर आपल्या बुटांकडे बघत होता, मी टेस्टरकडे, आणि साहेब हसतमुखाने तिच्याकडे. नो कन्सर्न्स, साहेब म्हणाले. आम्ही माना हलवल्या. आपल्याकडे वरच्या माणसाने चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही नसतं. उत्तर 'सगळं ठीक' असंच असतं. तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. ती खूश होऊन म्हणाली की उद्या सकाळी रिलीज करू, आणि तुमचा तो नारळ मला बघायचाय.

संध्याकाळी मी डिलाईल रोडला घरी गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते, म्हणजे आवाज बंद करून नुसत्या पाहत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आत कोण असतलो? मी म्हटलं, कोणीही. म्हातारी माणसं, गरोदर बाई, शाळेचं पोर. मला वाटलं बाबा आता मला भांडायला सांगतील, नोकरी गेली तर बघू म्हणतील. तसं काही झालं नाही.

"उद्या नारळ कोण ठेवता?"

"सर ठेवतात."

"आणि गाऱ्हाणा कोण घालता?"

"कोणीच नाही."

"मगे नारळ कित्याक फोडतास? देवाक खोबरा व्हया म्हणान?"

गाऱ्हाणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण दादरच्या साहेबांना पुढे सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगते. नारळ ठेवताना घरातला किंवा गावातला जाणता माणूस देवाला उभ्याउभ्या मोठ्याने सगळं सांगतो. कोण जमलेत, काय करायचं ठरवलंय, काय चुकलंय, कशाची भीती आहे, कोणाची नजर लागलीय. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, व्हय म्हाराजा. दुसरं उत्तर नसतं. गाऱ्हाण्यात कोणी नाही म्हाराजा म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आमच्या चाळीत हे काम बाबांकडे असायचं. मी लहान असताना चाळीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण मोडलेलं होतं आणि कमिटीचे अध्यक्ष ते बसवत नव्हते. अध्यक्षांशी कोणी भांडायचं नाही, कारण त्यांच्या हातात बरंच काही होतं. त्या वर्षी गणपतीत बाबांनी गाऱ्हाणं घातलं. त्यात नेहमीचं सगळं झाल्यावर ते त्याच सुरात म्हणाले की टाकीक झाकण नाय, तेच्यात कावळे आंघोळ करतत, ता पाणी पिवन लेकरांची पोटा बिघाडतत, त्या पोटांची राखण कर रे म्हाराजा. सगळी चाळ म्हणाली, व्हय म्हाराजा. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते, हात जोडलेले. त्यांनीही म्हटलं. आरतीनंतर कोणी कोणाला काही बोललं नाही, सगळ्यांनी प्रसाद घेतला, आणि त्याच आठवड्यात झाकण बसलं. मला तेव्हा वाटलं होतं की देवाने बसवलं.

मी बाबांना म्हटलं की बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. ते म्हणाले, बायका लिफ्टीचा डोक्या पण लिवनत नाय. आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

सकाळी पॅन्ट्रीत सगळे जमले. साहेबांचा पांढरा शर्ट, पाहुणीच्या कपाळाला कोणीतरी लावलेलं कुंकू, टेस्टर मागे फ्रिजला टेकलेला. साहेबांनी नारळ ठेवला आणि डोळे मिटले. हे मी खरंच करणार आहे का, हे मला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं. मी म्हटलं, सर, आमच्याकडे नारळाबरोबर गाऱ्हाणं घालतात, घालू का? साहेबांनी पाहुणीसमोर कौतुकाने मान डोलावली. स्थानिक संस्कृती दिसली तर त्यांना हवीच होती. मी बाकीच्यांना म्हटलं, मी थांबले की व्हय म्हाराजा म्हणायचं. आमच्या टीममध्ये निम्मे लोक लालबाग-परळचेच, त्यांना सांगायची गरज नव्हती.

मी बाबांचा सूर धरला.

"बा देवा गणपती म्हाराजा! आज हय पाचव्या मजल्यार तुझी लेकरा जमलेली आसत, तेंका सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज एवढा मोठा आला की पलीकडच्या अकाउंट्सवाल्यांनी दारातून डोकावून पाहिलं.

"सायबान हेड ऑफिसाक तारीख दिलली आसा, तेची लाज राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांनीही म्हटलं, मनापासून.

"लाइट गेली आणि पटकन परत इली, तर लिफ्टीक आपलो मजलो आठवना नाय. ती मधीच उभी रवता आणि दार उघडना नाय. ता आमका ठावक आसा, आणि काल मीटिंगीत आमी गप रवलो. ती चूकभूल पदरात घे रे म्हाराजा!"

टेस्टरचा आवाज सगळ्यांच्या वर होता. साहेबांचे ओठ सवयीने हलले. व्हय म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

मला थांबता येत नव्हतं. गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की ते आपल्याला पुढे ओढतं. मी म्हटलं, आत जो कोण म्हातारा माणूस, पोटुशी बाई, शाळेचा पोर अडाकतला, तेका धीर दी रे म्हाराजा, कारण आमी थय नसतलव. मला खरंच ते पोर दिसत होतं, दप्तर लावलेलं, बटण दाबत असलेलं. व्हय म्हाराजा झालं आणि मी हात जोडून उभी राहिले.

साहेबांनी नारळ उचलला. पार्किंगकडे निघायचं होतं. पाहुणीने हात वर केला आणि म्हणाली, एक मिनिट. प्रार्थना सुंदर होती, पण त्यात लिफ्ट होती, लाइट होती, हेड ऑफिस होतं आणि मीटिंग होती. तिसऱ्या वेळी हे सगळे जास्त जोरात ओरडले. नक्की कशाला हो म्हणालात तुम्ही?

साहेब म्हणाले, ही एक पारंपरिक प्रार्थना आहे. ती म्हणाली, ते कळलं. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी नारळ छातीशी धरला होता. ते मला थांबवू शकले असते, पण थांबवलं नाही, आणि हे मी आजवर विसरलेली नाही. मी तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. इंग्रजीत ते चार वाक्यांत संपलं. तिने टेस्टरला लॅबमध्ये नेलं, स्वतः स्विच बंद-चालू केला, आणि काही वेळाने लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली. रिलीज थांबली. नारळ फोडायचा की नाही हे कोणाला कळेना, म्हणून तो पॅन्ट्रीतच राहिला.

पुढचे काही आठवडे साहेब माझ्याशी फक्त कामापुरतं आणि अत्यंत शुद्ध बोलत होते. ओनरशिप बाजूला पडली. मी घरी बाबांना म्हटलं की बहुतेक आता मला जावं लागेल. ते म्हणाले, जा मगे. याचा काय अर्थ घ्यायचा ते मला कळलं नाही. पण दुरुस्ती करताना दिसलं की चूक आमच्या नव्या भागात नव्हतीच. ती जुन्या भागात होती, जो हेड ऑफिसने पूर्वी लिहिला होता आणि जो तिकडच्या इमारतींत केव्हापासून चालत होता. तिकडेही माणसं कधीमधी अडकली होती. त्यांनी बटण चुकीचं दाबलं, असं समजलं गेलं होतं. हे आम्हाला कोणी मोठ्याने सांगितलं नाही. एक दिवस फक्त तिकडच्या त्या चुका काढणाऱ्या तरुणाची मेल आली, आणि त्यात त्याने माझं इंग्रजी सुधारलं नव्हतं.

दुरुस्त डोकं निघालं, पॅन्ट्रीतला नारळ फुटला. तो आतून सुकला होता. ओनरशिप आली. साहेबांनी सगळ्या मजल्याला पेढे वाटले आणि माझ्या टेबलावर दोन ठेवून गेले.

मग इनोव्हेशन झालं. पाहुणीने तिकडे जाऊन आमच्या त्या सकाळच्या गाऱ्हाण्याबद्दल सांगितलं होतं. ते कोणाला तरी फार आवडलं, आणि वर्षभरात ते एक पद्धत होऊन परत आलं. तिला इंग्रजी नाव होतं, निळ्या रंगाच्या स्लाइड होत्या. रिलीजआधी टीमने उभं राहायचं, एकाने सगळे धोके मोठ्याने सांगायचे, आणि प्रत्येक धोक्यानंतर बाकीच्यांनी म्हणायचं, अ‍ॅक्नॉलेज्ड. धोके कोणा एका साहेबाला सांगायचे नाहीत, म्हणून समोर एक रिकामी खुर्ची ठेवायची. जगभरच्या सगळ्या सेंटरांना हे बंधनकारक झालं, आणि आम्हालाही. तिकडचा एक ट्रेनर आम्हाला व्हिडिओवर गाऱ्हाणं शिकवायला आला. त्याने विचारलं की असं काही तुम्ही पूर्वी कधी केलंय का. टेस्टर म्हणाला, नो सर, फर्स्ट टाइम. आम्हा सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं, आणि भिंतीवरची मिठाची चिठ्ठी काढून तिथे त्या पद्धतीचं पोस्टर लागलं.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"तेंचो देव कोण मगे?"

"खुर्ची."

"रिकामी?"

"हो."

"बरां आसा," बाबा म्हणाले. "दक्षिणा तरी मागूची नाय."

खुर्चीपुढे आम्ही दर महिन्याला उभे राहिलो. हे सगळं रेकॉर्ड व्हायचं. लोक सांगायचे की इंटरनेट मंद होऊ शकतं, कोणाला ताप येऊ शकतो, पावसाळ्यात यायला उशीर होऊ शकतो. अ‍ॅक्नॉलेज्ड. खरा धोका एकच होता आणि तो कोणी काढत नव्हतं. ओनरशिपच्या आनंदात साहेबांनी पुढच्या मोठ्या कामाची तारीख हेड ऑफिसला देऊन टाकली होती, आणि ती द्यायच्या आधी टीममधल्या कोणालाच विचारलं नव्हतं. त्या तारखेत काम बसत नव्हतं. बसवायचं तर टेस्टिंगचे दिवस कापावे लागणार होते, म्हणजे स्विच बंद-चालू करून बघायला कोणाला वेळच राहणार नव्हता. टेस्टरने मला दोनदा सांगितलं. मी साहेबांना आडून आडून सुचवलं. ते म्हणाले, बघू.

ती तारीख कायमची पक्की करायच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले. आजूबाजूला बघून खुर्ची ओढून बसले. असे ते कधी बसत नाहीत.

"उद्या नारळ ठेवू या म्हणतो," ते म्हणाले. "तू ते घालशील ना?"

"घालीन की सर."

"त्यात माझं एक घाल." ते टेबलावरच्या मगाकडे बघत होते. "तारखेचं. मला तुमची ती मालवणी येत नाही."

मला त्यांची दया आली. माणूस एवढा मोठा, निवृत्तीला आलेला, आणि आपल्याच हाताखालच्या बाईला सांगत होता की माझ्या वतीने देवाला कळव. मी हो म्हटलं. घरी बाबांना सांगितलं, तर ते नाही म्हणाले. तेचा तेणा सांगूक व्हया, भाषा खयची पण चालता देवाक. सकाळी मी साहेबांना तसं सांगितलं.

"पण मराठीत सांगितलं तर सगळ्यांना कळेल," साहेब म्हणाले.

"हो सर."

पॅन्ट्रीत सगळे जमले. पाहुणी या वेळी तिकडून व्हिडिओवर होती. तिला व्हय म्हाराजा पाठ झालं होतं आणि ते म्हणायची तिला हौस होती. मी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं, लेकरांना सांभाळायला सांगितलं, नजर काढायला सांगितली. ती पडद्यावरून सगळ्यांच्या मागून एकटीच व्हय म्हाराजा म्हणत होती. माझं संपलं. साहेबांनी नारळ उचलला नाही. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला आणि दादरच्या स्वच्छ मराठीत म्हणाले,

"देवा महाराजा, तारीख मी यांना कोणालाही न विचारता दिली. ती पुरी होणार नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

हे सुरात नव्हतं, मालवणीत नव्हतं, प्रत्येक शब्द कळला होता. साहेबांच्या अशा बोलण्यावर हो म्हणायचं म्हणजे काय, हे सगळे आपापल्या मनात मोजत होते. टेस्टर फ्रिजला टेकून जमिनीकडे बघत होता. साहेब डोळे मिटून, नारळावर हात ठेवून तसेच उभे होते.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मग टेस्टर म्हणाला, आणि मग सगळे, ओळीने, खालच्या आवाजात. पडद्यावर पाहुणी गोंधळली होती. तिने विचारलं की हे काय होतं, हे आधी नव्हतं. सवयीने मी पुढे झाले.

"थांब," साहेब म्हणाले. "मी सांगतो."